धागा: आयपीएस पेशींपासून सुरुवातीची मज्जासंस्था – पीएच.डी.चा आराखडा, आणि खान्देशात बसून त्यातलं काय जमेल

अनेरकाठ
राम राम मंडळी. जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली आहे, नोंदणी उमविला (जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) होईल, आयपीएस पेशींचं (साध्या पेशी मागे वळवून बनवलेल्या, काहीही बनू शकणाऱ्या मूलपेशींचं) मुख्य काम पुण्याच्या एका लॅबच्या सहकार्याने. गाइड मॅडमनी कच्चं शीर्षक दिलंय: ‘मानवी आयपीएस पेशींपासून न्यूरल ट्यूबची निर्मिती: फॉलिक ॲसिडची कमतरता व सोडियम व्हॅल्प्रोएट यांचे परिणाम’. न्यूरल ट्यूब म्हणजे गर्भात मेंदू-मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी, व्हॅल्प्रोएट म्हणजे अपस्माराचं औषध. आरआरसीपुढे (विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे) जाण्याआधी जाणकारांचं मत हवंय. इंडक्शनची पायरीवार पद्धत, माध्यमातल्या (पेशी वाढवायच्या द्रवातल्या) फोलेटचं, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गटाचं, काय करायचं, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात इथल्या लॅबमध्ये कोणता भाग खरोखर टिकेल, या तीन गोष्टींवर मोकळेपणाने लिहा.

पांझरा
ताई, आधी शीर्षकच बघू. ‘न्यूरल ट्यूबची निर्मिती’ हे शब्द समितीत अडचणीत आणतील. गर्भात न्यूरल प्लेट (मज्जासंस्थेची पहिली सपाट पट्टी) साधारण १८-१९व्या दिवशी दिसते, कडा उचलल्या जाऊन एकमेकींना चिकटायला २१-२२व्या दिवशी सुरुवात होते, डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या आसपास आणि शेपटीकडचं २७-२८व्या दिवशी बंद होतं. वरचं तोंड उघडं राहिलं तर ॲनेन्सेफली (मेंदू-कवटी नीट न बनणं), खालचं राहिलं तर स्पायना बायफिडा (पाठीचा कणा उघडा राहणं). या बंद होण्याला बाजूचं मेसोडर्म (गर्भाचा मधला थर), वरची त्वचेची पेशीपट्टी आणि खालचा नोटोकॉर्ड (पाठीतला आधारदांडा), सगळे लागतात.

प्लेटमध्ये एकेरी थरात वाढवलेल्या पेशींत यातलं काहीच नसतं. तिथे दिसतं ते इंडक्शन, म्हणजे काहीही बनू शकणारी पेशी न्यूरोएपिथेलियम (मज्जासंस्थेचा मूळ पेशीथर) कशी बनते, आणि त्यानंतर रोझेट. रोझेटमध्ये पेशी मधल्या पोकळीभोवती गोलाकार उभ्या राहतात, झेडओ-१ आणि एन-कॅडहेरिन ही प्रथिनं पोकळीकडच्या टोकाला जमतात, केंद्रकं वर-खाली सरकतात आणि विभाजन पोकळीलगत होतं. न्यूरल ट्यूबच्या भिंतीत हेच घडतं, त्यामुळे तुलना योग्य आहे. पण रोझेट ‘बंद’ होत नाही. ती आतून पोकळी उघडत तयार होते.

म्हणून शीर्षक असं करा: ‘न्यूरल इंडक्शन व न्यूरोएपिथेलियमची ध्रुवता यांवर फोलेट व व्हॅल्प्रोएटचे परिणाम’. ध्रुवता म्हणजे पेशीची कोणती बाजू पोकळीकडे आणि कोणती बाहेर हे ठरलेलं असणं. मोजायच्या गोष्टीही लगेच ठरतात: पॅक्स-६ ही न्यूरल खूण असलेल्या पेशींची टक्केवारी, दर रोझेटमागे पोकळीचं क्षेत्रफळ, फॉस्फो-हिस्टोन एच-३ दाखवणाऱ्या (म्हणजे विभाजन होत असलेल्या) पेशी पोकळीपासून किती दूर, आणि पेशीची उंची भागिले रुंदी. बंद होण्याबद्दल काही म्हणायचंच असेल तर दुसरी प्रणाली जोडावी लागेल. त्यावर नवापूरकर आप्पा लिहितीलच.

गिरणाई
पांझरा दादांशी सहमत. आता पद्धत. इथे ड्युअल स्मॅड इनहिबिशनच घ्या. २००९ साली चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी ती मांडली तेव्हा नॉगिन प्रथिन आणि एसबी-४३१५४२ वापरलं होतं. आता महागड्या नॉगिनऐवजी एलडीएन-१९३१८९ हे छोटं रसायन चालतं. तत्त्व सोपं आहे. बीएमपीचा आणि ॲक्टिव्हिन-नोडलचा असे पेशींना वाट दाखवणारे दोन्ही निरोप अडवले की पेशी त्वचा, मेसोडर्म, एंडोडर्म यांकडे वळत नाहीत आणि न्यूरल वाट धरतात. १९२४ साली स्पेमान आणि मँगोल्ड यांनी न्यूटच्या गर्भात जो ‘ऑर्गनायझर’ (शेजारच्या पेशींना दिशा देणारा भाग) दाखवला, त्यातून स्रवणारी प्रथिनं हेच अडवण्याचं काम करतात हे पुढे उमगलं.

सुरुवातीच्या पेशी: ई-८ किंवा एम-टेसर माध्यमात, मॅट्रिजेल वा जेलट्रेक्सच्या (पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या जेलच्या) थरावर. ७० टक्के प्लेट भरली की ०.५ मिलिमोलर ईडीटीएने गुच्छात पॅसेज, म्हणजे नव्या प्लेटमध्ये हलवणं. वसाहतींच्या कडा स्वच्छ, पेशी गच्च, केंद्रिका ठळक. कडेला चपट्या, पसरलेल्या पेशी दिसल्या तर त्या खरवडून काढा. पाच टक्क्यांहून जास्त असतील तर ती प्लेट इंडक्शनला घेऊच नका. खराब सुरुवात नंतर कुठल्याही रसायनाने सुधारत नाही.

थर देणं: मॅट्रिजेल रात्रभर बर्फात ठेवून ४ अंशांच्या फ्रीजमध्ये वितळवा. टिपा, ट्यूब, डीएमईएम/एफ-१२, सगळं आधी गार करून ठेवा. दहा अंशांच्या वर ते गोठायला लागतं आणि मग थर गाठीगाठींचा होतो. त्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, दिसतं ते आठव्या-नवव्या दिवशी अख्खा थर सुटून वर आलेला. जेलट्रेक्स साधारण १ ला १०० पातळ करून ३७ अंशांवर एक तास. मॅट्रिजेलच्या प्रत्येक लॉटमध्ये प्रथिनांचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून त्या लॉटच्या कागदावरचा आकडा बघून पातळ करा, मागच्या वेळचं गणित वापरू नका.

दिवस शून्य: ॲक्युटेज ५ ते ७ मिनिटं ३७ अंशांवर, एकेक पेशी सुटी करा, २०० जी-ला ५ मिनिटं फिरवा, ट्रायपॅन ब्लूने मोजा. जिवंत पेशी ९० टक्क्यांखाली असतील तर थांबा. दर चौरस सेंमीला अडीच लाख पेशी. म्हणजे १२ खणांच्या प्लेटच्या एका खणात (३.८ चौ. सेंमी) साडेनऊ लाख. पहिले २४ तास १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ घाला, नाहीतर सुट्या झालेल्या मानवी पेशी मरतात. २४ तासांनंतर ते काढायलाच हवं.

दिवस १: थर शंभर टक्के भरलेला दिसला तरच पुढे. एन-२ व बी-२७ असलेलं माध्यम, त्यात एसबी १० मायक्रोमोलर आणि एलडीएन १०० नॅनोमोलर. एसबीचा स्टॉक डीएमएसओत १० मिलिमोलर करून ठेवला तर दर मिली माध्यमाला १ मायक्रोलिटर. एलडीएनचा १०० मायक्रोमोलरचा केला तर तोही १ मायक्रोलिटर. दोन्ही मिळून डीएमएसओ ०.२ टक्के होतं, तेवढंच नियंत्रण खणातही घाला. रोज माध्यम बदला. चौथ्या दिवसापासून माध्यम पिवळं पडायला लागतं, तेव्हा आकारमान दीडपट करा.

६व्या-७व्या दिवसापासून पॅक्स-६ दिसायला लागतो, ८ ते १२ दरम्यान सलग न्यूरोएपिथेलियम होतं. मग डिस्पेजने थर तुकड्या-तुकड्यांत उचलून लॅमिनिनवर ठेवा. इथे एकेक पेशी सुटी करायची नाही. एसबी-एलडीएन बंद, २० नॅनोग्रॅम प्रति मिली एफजीएफ-२ दोन-चार दिवस. रोझेट स्पष्ट होतात.

बी-२७ मागवताना अ जीवनसत्त्व नसलेलं मागवा. नेहमीच्या बी-२७मध्ये रेटिनिल ॲसिटेट असतं. पेशी त्यापासून रेटिनॉइक ॲसिड बनवू शकतात, आणि ते पेशींना मागच्या मेंदूकडे ढकलतं. पुढच्या मेंदूचा फॉक्स-जी-१ का येत नाही म्हणून लोक प्राइमर बदलत बसतात, आणि कारण बाटलीत असतं.

अनेरकाठ
गिरणाई मॅडम, अडीच लाखांऐवजी एक लाख पेशी टाकून दोन दिवस वाढू दिलं तर? पेशी वाचतील आणि वाय-२७६३२ही कमी लागेल.

गिरणाई
पेशी वाचतील, पण निकाल बदलेल. विरळ पेरलेल्या पेशींत न्यूरल क्रेस्टचं (न्यूरल पट्टीच्या कडेच्या, वेगळ्या वाटेला जाणाऱ्या पेशींचं) प्रमाण वाढतं, पॅक्स-६ ऐवजी त्यांच्या खुणा सॉक्स-१० आणि एपी-२ दिसतात. हे मूळ पद्धतीच्या कामातही नोंदलेलं आहे. दोन दिवस थांबून थर भरला तरी सगळे खण एकसारखे भरत नाहीत, आणि तुमचा ‘औषधाचा परिणाम’ म्हणजे प्रत्यक्षात घनतेतला फरक निघतो. विशेषतः व्हॅल्प्रोएट पेशींची वाढही कमी करतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात.

पेरताना प्लेट गोल फिरवू नका, पेशी मध्यभागी जमतात. पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे, दोनदा. नंतर १०-१५ मिनिटं टेबलावर स्थिर ठेवून मगच इन्क्युबेटरमध्ये. तरीही खणाच्या अगदी कडेला क्रेस्टची एक पट्टी येतेच. फोटो काढताना प्रत्येक खणात तीच ठरलेली जागा घ्या आणि कडेचे २ मिमी वगळा. ‘चांगला भाग’ शोधून फोटो काढला की आकडेवारी गेली.

केळीपट्टा रावेर
आमच्याकडे केळीच्या टिश्यू कल्चरची लॅब आहे. लॅमिनार, ऑटोक्लेव्ह, एसी खोली, प्रशिक्षित मुली, सगळं तयार. त्यात थोडी जागा काढून ताईंना हे काम करता येईल का? सामान्य प्रश्न आहे, पण आपल्या जिल्ह्यात अशा लॅब बऱ्याच आहेत म्हणून विचारतो.

भुसावळ जंक्शन
दादा, लॅमिनार चालणार नाही. वनस्पतींच्या कामाला आडवा प्रवाह असतो. गाळलेली हवा रोपावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. मानवी पेशींना क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटच हवं, ज्यात हवा वरून खाली येऊन पुढच्या जाळीतून आत ओढली जाते. ऑटोक्लेव्ह चालेल, पण वेगळ्या वेळी. आणि केळीच्या खोलीतल्या बुरशीचे बीजाणू कपड्यांवरून येतात, म्हणून खोली वेगळीच असू द्या. मुलींचा हात मात्र उपयोगी पडेल. निर्जंतुक कामाची सवय महिनोन्महिने शिकवावी लागते, ती त्यांना आहेच.

आता ऊन आणि वीज. सीओटू इन्क्युबेटर गरम करतो, थंड करत नाही. खोलीचं तापमान सेट केलेल्या तापमानापेक्षा निदान ५ अंश कमी असेल तरच ३७ स्थिर राहतं. मे महिन्यात इथे बाहेर ४५ आणि एसी बंद पडला तर खोली ३८-४० सहज गाठते. मग आतलं तापमान ३९च्या वर जातं आणि पडद्यावर फक्त एक लाल दिवा दिसतो. ताईंच्या विषयात हे नुसतं पेशी मरण्याचं प्रकरण नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीला आईला आलेला जोराचा ताप हा न्यूरल ट्यूबच्या दोषांचा ओळखलेला धोका आहे. म्हणजे तापलेला इन्क्युबेटर हाच एक न मागितलेला प्रयोग. आत वेगळा डेटा-लॉगर ठेवा, दर पाच मिनिटांनी नोंद करणारा. त्या काळातल्या प्लेट आकडेवारीतून काढायचा नियम आधीच लिहून ठेवा.

एसी दोन असावेत, आलटून पालटून. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नका. वॉटर जॅकेटचा असेल तर ऊब जास्त वेळ टिकते. उणे ८० फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, घरगुती इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो, म्हणून त्याला जनरेटरच. सीओटूचा सेन्सर इन्फ्रारेडचा घ्या. थर्मल कंडक्टिव्हिटीचा सेन्सर आर्द्रता बदलली की चुकतो, आणि आपल्या कोरड्या हवेत दार उघडलं की आर्द्रता झपकन उतरते. पाण्याचा ट्रे आठवड्यातून दोनदा बघा. कोरडा पडला की कडेच्या खणांतलं माध्यम आटतं, क्षार वाढतात, पेशी आक्रसतात.

द्रवरूप नायट्रोजनची फार काळजी नको. कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात येतोच, तिथल्या पुरवठ्याच्या वाराशी आपला वार जुळवून घ्यायचा. पातळी मोजायला लाकडी पट्टी दहा सेकंद बुडवा, बाहेर काढून हलवा, पांढरं दव जिथवर साचतं तिथवर नायट्रोजन. पोकळ नळी कधी घालू नका, नायट्रोजन वरून उसळून डोळ्यात जातो. पुण्याहून व्हायल कोरड्या बर्फात आल्या तर त्या दिवशीच नायट्रोजनमध्ये टाका नाहीतर वितळवून पेरा.

मन्याड
हाई बठ्ठं बराबर शे, पन खर्चाचं काय? सीएसआयआरच्या फेलोशिपसोबत वर्षाला २०,००० रुपये कंटिंजन्सी (किरकोळ खर्चाची रक्कम). त्यात बी-२७च्या बाटल्या तरी येतात का?

पांझरा
येत नाहीत, म्हणून प्रकल्पाचा पैसा गाइडकडे आहे की नाही हे नोंदणीआधीच विचारायचं, त्यात संकोच नको. ई-८ घरी बनवता येतं. डीएमईएम/एफ-१२, सोडियम बायकार्बोनेट, क जीवनसत्त्वाचा स्थिर फॉस्फेट क्षार, सेलेनियम, ट्रान्सफेरिन, इन्सुलिन, एफजीएफ-२ आणि टीजीएफ-बीटा, एवढेच आठ घटक. नाव त्यावरूनच. मात्र पहिल्या वर्षी विकतचं वापरा. हात बसला नसताना माध्यमही घरचं असेल तर बिघाड कुठे हे कळत नाही.

गिरणाई
फोलेटबद्दल वेगळं लिहिते, कारण हा आराखड्यातला सगळ्यात कच्चा भाग आहे.

डीएमईएम/एफ-१२मध्ये लिटरला २.६५ मिग्रॅ फॉलिक ॲसिड असतं, म्हणजे सुमारे ६ मायक्रोमोलर. न्यूरोबेसलमध्ये लिटरला ४ मिग्रॅ, म्हणजे ९ मायक्रोमोलर. माणसाच्या रक्तद्रवात फोलेट काही दशक नॅनोमोलर असतं. तुमच्या ‘सामान्य’ नियंत्रण पेशी शरीराच्या शंभरपटींहून जास्त फोलेटमध्ये बसल्या आहेत. त्यात आणखी फॉलिक ॲसिड घालून ‘संरक्षण’ दाखवणं निरर्थक आहे.

फोलेट नसलेलं माध्यम वेगळं बनवून घ्यावं लागेल. पण तेवढ्याने भागत नाही. एफ-१२च्या मिश्रणात हायपोझँथिन आणि थायमिडिन आधीच असतात. फोलेटचं मोठं काम प्युरीन आणि थायमिडिलेट बनवायला कार्बन पुरवणं. ते पदार्थ तयारच मिळाले तर पेशी फोलेटशिवायही डीएनए बनवत राहतात आणि तुम्ही ‘फोलेटच्या कमतरतेचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष लिहून मोकळ्या होता. म्हणून फोलेट, हायपोझँथिन आणि थायमिडिन तिन्ही वगळलेलं मूळ माध्यम मागवा आणि चार गट करा: तिन्ही नाहीत, फक्त फोलेट परत, फक्त हायपोझँथिन-थायमिडिन परत, सगळं परत. चौथा गट नेहमीच्या माध्यमासारखा वागला पाहिजे, नाहीतर बनवलेल्या माध्यमातच दोष आहे. तिसऱ्या गटात बिघाड उरला तर तो न्यूक्लिओटाइडपलीकडचा, बहुधा मेथिलेशनच्या (डीएनए वगैरेंवर मिथाइल खुणा लावण्याच्या) बाजूचा. तुमच्या प्रबंधाचा कणा इथे आहे.

परत घालताना फॉलिक ॲसिडऐवजी ५-मिथाइल-टीएचएफ घ्या, रक्तात मुख्यतः तेच फिरतं. ते उजेडात आणि हवेत खराब होतं, म्हणून क जीवनसत्त्वासह, अंधारात, रोज ताजं. १०, ३०, १०० नॅनोमोलर अशा पायऱ्या पुरेत. आणि पेशींच्या आत साठलेलं फोलेट लगेच संपत नाही. इंडक्शनच्या दिवशी माध्यम बदलून उपयोग नाही, आधी काही पॅसेज कमी फोलेटमध्ये घालवून पेशीतलं फोलेट मोजा, मग दिवस शून्य.

पांझरा
व्हॅल्प्रोएटचं थोडक्यात. अपस्माराच्या उपचारात रक्तातली पातळी ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे साधारण ३५० ते ७०० मायक्रोमोलर. पण त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. प्लेटमधल्या माध्यमात अल्ब्युमिन प्लाझ्माच्या मानाने फार कमी, म्हणून तिथे १ मिलिमोलर घातलं तर मोकळं औषध शरीरापेक्षा कितीतरी जास्त. ३०, १००, ३०० मायक्रोमोलर आणि वरची मर्यादा म्हणून १ मिलिमोलर घ्या. सोडियम क्षाराचं रेणुभार १६६.२, पाण्यात विरघळतो, डीएमएसओ नको.

ते हिस्टोन डीॲसिटायलेजला (जीन्स बंद ठेवायला मदत करणाऱ्या एन्झाइमला) अडवतं, त्यामुळे हिस्टोन एच-३चं ॲसिटिलेशन वाढलं की नाही हे वेस्टर्न ब्लॉटवर प्रत्येक मात्रेला दाखवा. सोबत व्हॅल्प्रोमाइड ठेवा. रचना जवळची, पण हे अडवण्याचं काम फारच कमी. दोघांत फरक आला तर बोट कुठे ठेवायचं ते कळतं. आणि पॅक्स-६ नुसता ‘वाढला’ म्हणून खूश होऊ नका. डीॲसिटायलेज अडलं की अनेक जीन्स उगीचच चालू होतात. पोकळीची रचना बिघडली का, तेच बघा.

इथे वाचणाऱ्या कुणा ताईंना हे औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नये. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच न्यूरॉलॉजिस्टला भेटून बदल ठरवावा.

नवापूरकर
पांझरा दादांनी नाव घेतलंच आहे. न्यूरल ट्यूब बंद होताना बघायची असेल तर कोंबडीचं अंडं. हा भाग खान्देशातच होतो आणि स्वस्तात होतो. हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या १९५१च्या तक्त्यात ४६ अवस्था आहेत. तुम्हाला ४ ते १२ एवढ्याच लागतील. ३७.५ ते ३८ अंशांवर १८-१९ तासांत चौथी, २६-२९ तासांत आठवी, ३३-३८ तासांत दहावी. एका दिवसात प्लेटपासून नळीपर्यंत सगळं डोळ्यांसमोर.

पण नवापूरला एवढे पोल्ट्री फार्म आहेत म्हणून तिथली अंडी उचलू नका. खाण्याच्या अंड्यांच्या फार्मवर कोंबडा नसतो, ती अंडी फलित नसतात. ब्रीडर फार्म किंवा हॅचरीतूनच घ्यायची, घातल्याची तारीख लिहून. गावरान अंडी फलित असू शकतात, पण वय आणि जात एकसारखी नसते, त्यामुळे अवस्था मागेपुढे होतात.

उन्हाळ्यात वाहतूक हीच खरी अडचण. सुमारे २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढायला लागतो, आणि ४२ अंशांच्या एसटीत चार तास म्हणजे अर्धवट, वेडीवाकडी वाढ. पहाटे आणा, थर्मोकोलच्या पेटीत, आणि १३ ते १६ अंशांवर ठेवा. आठवड्याच्या आत वापरा. चार अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवू नका.

गर्भ बाहेर वाढवायला गाळणकागदाच्या कडीची पद्धत. लिटरला ७.१९ ग्रॅम मिठाच्या पाण्यात ०.६ टक्के आगर उकळा, ४९ अंशांपर्यंत गार करा, तेवढ्याच तापमानाला आणलेला पातळ पांढरा बलक समप्रमाणात मिसळा, ३५ मिमीच्या डिशमध्ये अडीच मिली ओता. अंडं फोडून जाड बलक टिश्यूने पुसून काढा. तो राहिला तर कागद चिकटत नाही, निम्मे गर्भ इथेच जातात. मध्ये भोक पाडलेला कागद गर्भावर ठेवा, बाहेरून पडदा कापा, तिरका ओढत उचला, मिठाच्या पाण्यात पिवळा बलक धुवा, पोटाची बाजू वर करून आगरवर ठेवा. व्हॅल्प्रोएट आगरमध्येच मिसळता येतं. दहाव्या-बाराव्या अवस्थेला किती गर्भांची नळी उघडी राहिली ते मोजा. नियंत्रण गटातच दहातले दोन-तीन बिघडत असतील तर हात अजून बसलेला नाही, औषधाचा प्रयोग सुरू करू नका. संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीला लेखी कळवून ठेवा.

सुलवाडे
विषयाला सोडून आहे, माफ करा. भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, चार वर्षांचा. शहरातल्या एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, लाखांत खर्च. तुम्ही सगळे यातले जाणकार दिसता. घ्यावं का?

गिरणाई
भाऊ, घेऊ नका. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांसाठी होणारं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. बाकी सगळं फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यांना सीटीआरआयचा (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. पैसे मागत असतील तर तिथेच उत्तर मिळालं. इथे ज्या पेशींची चर्चा चाललीय त्या काचेच्या प्लेटमधल्या आहेत, मुलाच्या मेंदूत सोडायच्या नाहीत. तो पैसा चांगल्या फिजिओथेरपीला आणि स्पीच थेरपीला लावा, जिल्हा रुग्णालयातल्या बालतपासणी केंद्रात नाव नोंदवा. भाच्याला आमचे आशीर्वाद.

केळीपट्टा रावेर
गावात आशाताई गोळ्या देतात त्यात फॉलिक ॲसिड असतंच ना? मग एवढा अभ्यास कशासाठी, असं आरआरसीत कुणी विचारलं तर?

पांझरा
विचारतीलच, आणि उत्तर तयार हवं. गर्भवतीला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, पण ती चौथ्या महिन्यापासून. नळी बंद होते २८व्या दिवशी, तेव्हा बहुतेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी सांगितलेली आहे, आणि ती गावात वेळेवर पोचत नाही. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर मात्रा जास्त, डॉक्टरच्या सल्ल्याने. १९९१च्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या चाचणीत अशा मातांना रोज ४ मिग्रॅ दिल्यावर पुन्हा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. उरलेले का घटले नाहीत, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. गोळी पोचूनही ज्या पेशी प्रतिसाद देत नाहीत, त्यांच्यात काय अडतं ते शोधायचं आहे.

अनेरकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतेय: पहिलं प्रकरण इंडक्शनची पद्धत बसवणं, दुसरं फोलेटचे चार गट, तिसरं व्हॅल्प्रोएट, आणि व्हॅल्प्रोएटचाच कोंबडीच्या गर्भावरचा भाग जळगावला. किती आयपीएस लाइन घ्याव्यात? पुण्याला एक चांगली लाइन आहे, तीन-तीन खणांत करीन.

गिरणाई
एका प्लेटमधले तीन खण म्हणजे एकच प्रयोग. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजपासून सुरू केलेली इंडक्शन म्हणजे तीन. आणि एका लाइनचे तीनही प्रयोग एकाच माणसाबद्दल बोलतात. निदान तीन दात्यांच्या लाइन हव्यात, स्त्री-पुरुष दोन्ही. एकाच दात्याचे तीन क्लोन म्हणजे तीन दाते नव्हेत. आकडेवारीत दाता हे एकक धरा.

प्रत्येक लाइन आली की नायट्रोजनमध्ये आधी २० व्हायलची मूळ बँक, तिच्यातल्या एकीपासून कामाची बँक. उणे १ अंश प्रति मिनिट या वेगाने गोठवायचं, १० टक्के डीएमएसओ, रात्रभर उणे ८०, मग नायट्रोजन. मायकोप्लाझ्मा (पेशीभिंत नसलेला अगदी लहान जीवाणू) पीसीआरने दर महिन्याला तपासा. माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत, फक्त इंडक्शन दर वेळी वेगळं येतं. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो जातो. सुरुवातीचे सहा महिने अँटिबायोटिक न घालता काम करा, म्हणजे हातातली त्रुटी लपणार नाही.

आयसी-एससीआर (संस्थेच्या मूलपेशी-संशोधन) समितीची मंजुरी आणि पेशींचा एमटीए (देवाणघेवाणीचा करार) या दोन कागदांना वेळ लागतो. आरआरसीच्या तारखेची वाट न बघता अर्ज आजच टाका.

भुसावळ जंक्शन
कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) किती पॅसेजनंतर करावा?

गिरणाई
दर दहा पॅसेजनंतर, आणि प्रत्येक बँकेच्या आधी. पण जी-बँडिंगवर (गुणसूत्रांवर रंगाचे पट्टे पाडून बघण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर) विसंबू नका. मानवी लाइनमध्ये २०व्या गुणसूत्रावरच्या २०-क्यू-११.२१ या भागाची वाढ वारंवार होते, आणि ती अनेकदा एवढी लहान असते की जी-बँडिंगमध्ये दिसतच नाही. त्या भागात बीसीएल-२-एल-१ हा जीन आहे. तो पेशीला मरू देत नाही, म्हणून अशा पेशी काही पॅसेजमध्ये सगळी प्लेट व्यापतात. त्यांची वाढ छान दिसते, जिवंत टक्केवारी ९५च्या वर, आणि एसबी घातल्यावर न्यूरल वाट मात्र नीट धरत नाहीत. जीनोमिक डीएनएवर बीसीएल-२-एल-१ची प्रत-संख्या क्यूपीसीआरने मोजा, सोबत बदल नसलेल्या गुणसूत्रावरचा एक जीन संदर्भाला. दोन तासांचं काम आहे. एखादी लाइन अचानक ‘फार चांगली’ वाढायला लागली तर त्याच दिवशी करा. पुण्याच्या लाइनचं हे आधी तपासून घ्या, मगच बाकीच्या दोन मागवा.